चालताना बोलायचं नाही

माझे वडील आणि माझे सासरे यांचं माझ्या लग्नापासून एकाच गोष्टीवर एकमत होतं, ते म्हणजे एकमेकांशी बोलायचं नाही. कारण सोफा.

बाबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सोफे बनवायचं दुकान होतं. लग्नात त्यांनी आम्हाला स्वतःच्या हातानं बनवलेला सोफा दिला. सासरे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. त्यांना घरात सगळे नाना म्हणतात. दुकानदारांचे तराजू तपासायचे, बरोबर असेल त्याला शिक्का द्यायचा, काटा मारणाऱ्याला पकडायचं, यात त्यांची नोकरी गेली. सोफा घरात आला तेव्हा नानांनी पाहुण्यांच्या देखत खिशातून टेप काढली, सोफा मोजला आणि म्हणाले, "सहा फूट म्हणाला होतात. पाऊण इंच कमी भरतोय."

बाबा म्हणाले, "कापड ताणलं की तेवढं होतंच."

नाना म्हणाले, "सगळे दुकानदार हेच सांगतात."

एवढंच झालं. पुढे आणखी काही झालं नाही, आणि तीच पंचाईत झाली. कडाक्याचं भांडण झालं असतं तर कुणीतरी मध्ये पडून मिटवलं असतं. पाऊण इंचात मध्ये पडायला कुणाला जागाच नव्हती.

तेव्हापासून ते माझ्यामार्फत बोलायचे. बाबा आमच्याकडे आले की नाना मला म्हणायचे, "तुझ्या बाबांना विचार, पंखा लावायचाय का." बाबा हातभर अंतरावर बसलेले असायचे. ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "सांग त्यांना, नको." मग मी सांगायचे, "नको म्हणतायत." नाना मान हलवायचे. माझा नवरा अशा वेळी स्वयंपाकघरात काहीतरी शोधायला जायचा. त्याला ते कधीच सापडायचं नाही.

आधी बाबांना पार्किन्सन्स निघाला. ते डावा हात खिशात घालून चालायला लागले होते. आम्हाला वाटलं, म्हातारपणी रुबाब आलाय. डॉक्टरांनी तो हात खिशातून बाहेर काढून घेतला तेव्हा तो थरथरत होता. वर्षभरानं नानांचं अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालं आणि चालताना उजवा पाय घासायला लागला. त्याच डॉक्टरांनी तेच नाव सांगितलं.

नानांनी विचारलं, "हे लागण होऊन येतं का?"

"नाही हो."

"रक्ताच्या नात्यातून?"

"क्वचित. तुमच्या घरात आहे का कुणाला?"

"हिच्या बाबांना आहे," नाना माझ्याकडे बोट करून म्हणाले. "पण आमचं रक्ताचं नातं नाही. कसलंच नाही."

मी हे बाबांना सांगितलं. माझी आई गेल्यापासून बाबा दुकानाच्या वरच्या खोल्यांत एकटेच राहायचे. त्यांनी भाजी चिरायची थांबवली आणि म्हणाले, "आता आजारही आमच्यासारखाच हवा त्यांना."

डॉक्टरांनी दोघांनाही चाल आणि तोल तपासून घ्यायला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. मला सुट्टी एकच मिळणार होती. मी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते, आणि बिनदाताची माणसं वाट बघायला तयार नसतात. तेव्हा मी दोघांची वेळ एकाच दिवशी घेतली. गाडीत बाबा पुढे बसले, नाना मागे. नानांनी मागून विचारलं, "तुझ्या बाबांनी गोळी कधी घेतली?"

"निघताना," मी म्हटलं.

"मी सकाळी घेतली. म्हणजे त्यांची ताजी आहे. तपासणीला हे चालत नाही."

बाबा समोर बघत म्हणाले, "सांग त्यांना, त्यांनीही घ्यायची होती."

फिजिओथेरपिस्ट पोरगेलीशी होती. केस घट्ट वर बांधलेले, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि आवाज पीटीच्या बाईंचा. तिनं दोघांच्या गोळ्यांच्या वेळा लिहून घेतल्या आणि नानांना थोडा वेळ थांबवून दुपारची गोळी घ्यायला लावली. म्हणाली, "गोळीचा अंमल असतानाच बघायचं असतं, काका. नाहीतर मी तुम्हाला नाही, गोळीला तपासेन." नानांना हे पटलं. म्हणजे ते काही बोलले नाहीत.

तिची खोली लांबट होती. एका भिंतीला आरसा, एका बाजूला धरून चालायचे दोन आडवे दांडे, मध्ये एक खुर्ची, आणि खुर्चीपासून थोड्या अंतरावर जमिनीला चिकटवलेली पिवळी पट्टी. खुर्चीतून उठायचं, पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, आणि याला किती वेळ लागतो ते ती मोजणार. तान्ही पोरं सोडली तर कुणालाही जमावं असं.

बाबांना आधी बोलावलं. ते खुर्चीजवळ गेले, बसले नाहीत. वाकून त्यांनी बैठक अंगठ्यानं दाबून पाहिली. "फोम बसलाय," ते म्हणाले. "यातून धडधाकट माणूससुद्धा उठणार नाही."

"बसा काका."

बाबा बसले. उठायला तिसऱ्या हिसक्याला जमलं. चालले बरे, पण पट्टीपाशी वळताना त्यांचे पाय बारीक बारीक पडायला लागले. मोठं कपाट वळवताना आपण एकदा हा कोपरा, एकदा तो कोपरा सरकवतो, तसे ते स्वतःला वळवत होते. येऊन बसले तेव्हा त्यांच्या कपाळाला घाम होता. "फोम," ते पुन्हा म्हणाले.

नाना उठायच्या आधी म्हणाले, "हे घड्याळ तपासलेलं आहे का?"

"मोबाईलमधलं आहे, काका."

"म्हणजे नाही," नाना म्हणाले आणि उठले. ते वळले ठीक, पण परत येताना खुर्ची अजून लांब असतानाच मागे टेकायला लागले. तिनं चटकन खुर्ची पुढे सरकवली.

मग तिनं चालता चालता बोलायला लावलं. नानांना शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. नानांना अपमान वाटला. "त्र्याण्णव," ते म्हणाले आणि चालायला लागले. "शहाऐंशी," म्हणाले आणि जागच्या जागी उभे राहिले. हिशोब पुढे चालला, नाना नाही. एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, सगळी उत्तरं बरोबर, सगळी उभ्यानं. बाबांना तिनं लाकडांची नावं विचारली. बाबा सागवानावर निघाले, देवदारावर डुलले आणि बाभळीपाशी थांबले.

शेवटी ती दोघांच्या पाळीपाळीनं मागे उभी राहिली. म्हणाली, "आता मी खांद्यांना धरून मागे ओढणार. तुम्ही पाऊल मागे टाकून सावरायचं. नाही सावरलं तर मी आहे." बाबा सावरले नाहीत. ते सरळच्या सरळ मागे आले आणि तिनं त्यांना काखेत हात घालून धरलं. ती एवढीशी, बाबा तिच्या दीडपट. तरी तिनं भिंतीला कलंडलेली शिडी सरळ करावी तसं त्यांना उभं केलं. नाना पावलं टाकत मागे गेले, बारीक बारीक, पळत पळत, थेट भिंतीपर्यंत. भिंत होती म्हणून थांबले.

बाहेर आल्यावर दोघांनी मला वेगवेगळं गाठून विचारलं, "त्यांचं काय आलं?" स्वतःचं काय आलं ते कुणीच विचारलं नाही.

फिजिओथेरपिस्टनं आम्हाला समोर बसवून सांगितलं. रोज चालायचं. एकट्यानं नाही, सोबत घेऊन. "आणि एक लक्षात ठेवा. तुम्ही दोघंही बोलायला लागलात की पाय थांबतात. आणि पाय थांबले नाहीत तर तोल जातो. तेव्हा चालताना बोलायचं नाही. बोलायचं असेल तर आधी थांबा."

मग तिनं आणखी एक सांगितलं. अरुंद जागेत, दारात, कधी कधी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. तेव्हा माणसाला ओढायचं नाही, ढकलायचं नाही. समोर काहीतरी ओलांडायला द्यायचं. काठी, पट्टी, काहीच नसेल तर आपला पाय आडवा धरायचा. ओलांडायचं म्हटलं की पाय सुटतो. नाना हे नीट ऐकत होते. बाबा खुर्चीची खालची बाजू बघत होते.

परतताना मी गाडीत म्हटलं, "रोज दोघांना वेगवेगळं फिरवायला माणूस कुठून आणू? तुम्ही दोघं बरोबर जा."

गाडीत कुणी काही बोललं नाही. ते नेहमीचंच होतं. मग मी म्हटलं, "बोलायचं नाहीच आहे. तिनंच सांगितलंय."

नानांनी थोडा विचार केला. "ते जमेल," ते म्हणाले.

"सांग त्यांना," बाबा म्हणाले, "मलाही जमेल."

आमच्या घरापासून जवळ एक बाग आहे. रोज सकाळी नवरा ऑफिसला जाताना बाबांना त्यांच्या घरून आणून फाटकाशी सोडायचा, नानांना मी सोडायचे, आणि तासाभरानं सासूबाई दोघांना घरी घेऊन यायच्या. बागेला एक रखवालदार होता. आत सगळं कळायचं ते त्याच्याकडून. तो म्हणाला, असे शिस्तीचे म्हातारे त्यानं पाहिले नाहीत. एकापुढे एक, एक शब्द नाही. बागेतल्या बायकांना वाटलं, दोघं मुके भाऊ आहेत.

दोनेक आठवडे असे गेले. मग फाटकाचा प्रकार झाला. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून फाटकात लोखंडी खांब तिरपे रोवलेत, एका वेळी एकच माणूस जाईल असे. नाना पुढे निघून गेले. बाबा खांबांमध्ये आले आणि त्यांचे पाय चिकटले. मागे लोक खोळंबले. कुणीतरी म्हणालं, "आजोबा, चला की." असं म्हटल्यानं कुणी चालत असतं तर दवाखाने ओस पडले असते.

नाना परत आले. त्यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत, आणि आपला उजवा पाय बाबांच्या पायांपुढे आडवा धरला.

बाबांनी त्या पायाकडे पाहिलं. मग नानांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच थेट नानांशी बोलले. "पायात पाय घालताय?"

"ओलांडा," नाना म्हणाले.

"भर रस्त्यात पाडताय मला? पाऊण इंचासाठी?"

"अहो, ओलांडा म्हणतोय!"

"ओलांडतो की! घाबरतो की काय तुमच्या पायाला!" बाबा म्हणाले, आणि रागारागानं पाय उचलून नानांच्या पायावरून पलीकडे आले. पुढची दहा-बारा पावलं इतकी झकास पडली की रखवालदारानं त्यांना टाळी दिली. बाबा थांबले, मागे वळून खांबांकडे पाहिलं आणि पुन्हा चालायला लागले. घरी आल्यावर मला दोघांनी दोन हकिगती सांगितल्या. बाबांच्या हकिगतीत ते स्वतःहून आले होते. नानांच्या हकिगतीत बाबा शिव्या देत आले होते. दोन्ही खऱ्या होत्या.

त्यानंतर मात्र फाटकापाशी रोज एक पाय आडवा यायला लागला. आधी नानांचा, बाबांसाठी. मग बाबा आत गेले की थांबून आपला पाय नानांसाठी धरायचे. नानांना त्याची गरज नव्हती. तरी ते ओलांडायचे. एकाचा पाय घेतला आणि दुसऱ्याचा नाकारला, असं दिसायला नको म्हणाले.

मला एके सकाळी लॅबमध्ये फोन आला. माझ्या हातात मेण होतं आणि मेणात कुणाचा तरी वरचा जबडा. रखवालदार म्हणाला, "मॅडम, दोघं पडलेत. आणि भांडतायत."

भांडतायत ऐकून मला धीर आला. मी तशीच निघाले.

झालं होतं ते असं. समोरून एक बाई बाबागाडी घेऊन येत होती. तिला वाट द्यायला नाना एक पाऊल मागे सरले. ते एक पाऊल थांबलंच नाही. दुसरं, तिसरं, बारीक बारीक, ते मागे मागे पळत सुटले. इथे भिंत नव्हती. बाबा मागे होते. रखवालदार मला शपथेवर सांगत होता, "मोठे आजोबा, ज्यांना पहिलं पाऊल टाकायला एवढा वेळ लागतो, ते चटकन पुढे झाले हो. दोन्ही हात पसरून." मग नाना बाबांवर आणि बाबा जमिनीवर.

मी पोचले तेव्हा लोकांनी नानांना बाकावर बसवलं होतं. बाबा अजून खालीच होते, मनगट छातीशी धरून.

"तुम्ही मध्ये कशाला आलात?" नाना विचारत होते.

"मध्ये नव्हतो. मागे होतो."

"मग बाजूला व्हायचं."

"बाजूलाच होत होतो. जमलं नाही."

नानांना खरचटलंसुद्धा नव्हतं. बाबांनी जन्मभर लोकांच्या बुडाखाली गाद्या भरल्या, आणि शेवटी गादी कमी पडली तिथे स्वतः गेले. मनगटाचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात प्लास्टर घालत असताना नाना बाहेर बाकावर माझ्या शेजारी बसले होते. त्यांचा चेहरा तसा आता हलत नाही, आजारात तो लाकडासारखा होतो. त्यामुळे काय वाटतंय ते आवाजावरूनच ओळखावं लागतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "त्यांनी मुद्दाम हात पुढे केले का?"

"बाबा नाही म्हणतात."

नानांनी समोरच्या दाराकडे पाहिलं. "खोटं बोलतात," ते म्हणाले. "दुकानदार."

बाबांना एका हातानं जिना चढणं शक्य नव्हतं. त्यांना आमच्या घरी आणलं. फिजिओथेरपिस्टनं फोनवर दोघांनाही झापलं. "एकमेकांना पकडायला जायचं नाही. कधीच नाही. एक पडला तर एकच पडू दे. मग मदतीला हाक मारा."

नानांनी फोन माझ्या हातात परत दिला. "तिला म्हणावं, हे बरोबर नाही," ते म्हणाले.

सकाळी बाबांच्या शर्टाची बटणं कोण लावणार हा प्रश्न होता. मी लॅबच्या घाईत असायचे. एक दिवस बघते तर नाना बाबांसमोर उभे. एकाचे हात हलत होते, दुसऱ्याचं सगळं अंग. काज पुढे येई तेव्हा बटण मागे जाई.

"वरचं राहिलं," बाबा म्हणाले.

"वरचं लावत नाहीत. गळा आवळतो."

"मला लागतं."

"मग हलू नका."

"मी हलतोय? मी हलतोय होय?"

बटण आणि काजाची गाठ पडेपर्यंत सासूबाईंनी चहा दोनदा गरम केला. पण मला कुणी हाक मारली नाही. नवराही आता स्वयंपाकघरात काही शोधायला जात नाही. घरात माझं एक काम कमी झालं, ते मला बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं.

प्लास्टर निघाल्यावर पुन्हा तपासणीची वेळ आली. तीच खोली, तीच पिवळी पट्टी. खुर्ची नवी होती. बाबांनी बैठक दाबून पाहिली आणि काही बोलले नाहीत, म्हणजे ती चांगली होती. दोघं उठले, चालले, वळले. मला मोजायची गरज नव्हती, डोळ्यांनाच दिसत होतं. दोघंही मागच्यापेक्षा हळू होते.

मग ती बाबांच्या मागे जाऊन उभी राहिली. बाबांनी दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरला.

"ते मागून ओढायचं आज नको," ते म्हणाले.

"मी धरणार आहे, काका. मागच्या वेळी धरलं होतं ना?"

"माहीत आहे. तरी नको."

बाबांच्या तोंडून घाबरल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. आई गेली तेव्हाही ते दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बसले होते. आता ते दांडा सोडायला तयार नव्हते. मी पुढे होणार तेवढ्यात नाना खुर्चीतून उठले. एका दमात नाही, पण उठले. बाबांना त्यांनी हातानं दूर व्हायला सांगितलं आणि त्यांच्या जागी पाठ करून उभे राहिले.

"माझं आधी घ्या," ते म्हणाले. "आणि जोरात ओढा."

तिनं ओढलं. मागच्या वेळी नाना निदान पावलं टाकत भिंतीपर्यंत गेले होते. या वेळी एकही पाऊल पडलं नाही. तोडलेल्या झाडासारखे ते मागे आले. तिनं त्यांना काखेत धरलं, क्षणभर तोललं आणि उभं केलं. नानांनी शर्ट खाली ओढून सारखा केला. मग बाबांकडे वळून, पूर्वी बाजारात तराजूला शिक्का देताना बोलत असतील त्या आवाजात म्हणाले, "धरते. मी तपासून घेतलंय."

बाबांनी दांडा सोडला. पट्टीवर येऊन उभे राहिले. डोळे मिटून घेतले, आणि तिनं ओढल्यावर दोन पावलं मागे टाकून मग तिच्या हातांत गेले.

"दोन टाकली," नाना म्हणाले.

"मोजली मी," बाबा म्हणाले.

नंतर तिनं खरं ते सांगितलं. दोघांचाही तोल उतरलाय, हा आजार उतरतच जाणार, चालणं सोडलं तर आणखी लवकर. नानांनी विचारलं, "आकडा वर नेण्याची काही सोय?" ती नाही म्हणाली. नाना म्हणाले, "बरोबर आहे. नसावीच." यापुढे दोघांनी काठी घ्यायची आणि सोबत तिसरं, धडधाकट माणूस हवंच, असं तिनं बजावलं.

बाबा आता आमच्याकडेच राहतात. दुकानाची जागा भाड्यानं दिली. तिसरं माणूस म्हणून सासूबाई जातात. त्यांचे गुडघे दुखायचे म्हणून त्या आधी कुरकुरल्या, पण दुसरं कुणी नव्हतं. दोघं म्हातारे दोन काठ्या टेकत फाटकातून आत जातात आणि थोडं चालून थांबतात. थांबलं की बोलता येतं, म्हणून बोलतात. बोलणं संपत नाही, म्हणून चालणं सुरू होत नाही. सासूबाईंना उभं राहवत नाही. त्या पुढे बागेच्या टोकापर्यंत जातात, परत येतात, "चला हो" म्हणतात, पुन्हा जातात. परवा डॉक्टरांनी त्यांचेही गुडघे बघितले. म्हणाले, घरात एवढी सुधारणा फक्त तुमच्यातच आहे.